भंगाराच्या वाटेवरून दिवाणखान्यात
लंडनच्या परिवहन संग्रहालयात आणि त्याच्या दुकानात

लंडन शहराच्या मध्यभागी कॉव्हेंट गार्डन नावाचा चौक आहे. नावात उद्यान असले तरी तेथे आज बाग नाही. कित्येक पिढ्या तेथे भाजीपाला, फळे आणि फुले यांचा मोठा बाजार भरत असे. शहर वाढले, रस्ते अपुरे पडू लागले आणि १९७४ साली हा बाजार नाईन एल्म्स येथे हलवण्यात आला. मुंबईचा घाऊक बाजार वाशीला गेला, त्याच जातीची ही घटना. मागे राहिलेल्या इमारतींपैकी फुलबाजाराची लोखंड आणि काच यांची उंच इमारत १८७१ सालची आहे. या इमारतीत १९८० पासून लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. शहरातील बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे यांचा दोनशे वर्षांचा इतिहास तेथे मांडलेला आहे.

मुलीकडे काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा मी या ठिकाणी दोनदा गेलो. एकदा संग्रहालयासाठी आणि एकदा केवळ त्याच्या दुकानासाठी. प्रौढांनी एकदा काढलेले तिकीट वर्षभर चालते आणि अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. दुकानात जाण्यास तर तिकीटच लागत नाही. व्यापारी कुटुंबांतील वाचकांना हे दुकान संग्रहालयाइतकेच विचार करायला लावील, असे वाटल्याने हा लेख लिहीत आहे.

स्थानकापासून सुरुवात

कॉव्हेंट गार्डनला पिकॅडिली मार्गाच्या भुयारी गाडीने जाणे उत्तम. स्थानकाची दर्शनी बाजू गडद तांबड्या चकचकीत फरशांची आहे. लेस्ली ग्रीन या वास्तुविशारदाने त्या काळी अशी अनेक स्थानके उभारली, त्यामुळे लांबूनच लाल इमारत दिसली की ते स्थानक आहे हे प्रवाशाला कळत असे. हे स्थानक ११ एप्रिल १९०७ रोजी सुरू झाले. त्यानंतर महिन्याच्या आतच, ७ मे १९०७ रोजी, मुंबईत विजेवर चालणारी पहिली ट्राम धावली. दोन्ही शहरांच्या नागरी वाहतुकीचे वय असे जवळपास सारखे आहे, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

फलाटावरून वर येण्यास लिफ्ट आहेत. ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी १९३ पायऱ्यांचा गोल जिना आहे. साठी ओलांडलेल्यांनी लिफ्टच घ्यावी.

येथून शेजारचे लेस्टर स्क्वेअर स्थानक जेमतेम २६० मीटरवर आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेतील दोन लगतच्या स्थानकांमधले हे सर्वांत कमी अंतर. नकाशावर मात्र ही दोन स्थानके इतर स्थानकांसारखीच सुटसुटीत अंतरावर दिसतात. कारण हा नकाशा अंतरे दाखवण्यासाठी काढलेलाच नाही. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३१ साली वीजमंडळाच्या आकृतीसारखा हा आराखडा काढला. रेषा सरळ आडव्या, उभ्या किंवा तिरप्या, आणि जमिनीवरची खूण म्हणून फक्त थेम्स नदी. प्रवाशाला कोणत्या गाडीत बसायचे आणि कोठे बदलायचे एवढेच हवे असते, हे त्याने ओळखले. कार्यालयाने तो आराखडा प्रथम नाकारला. नंतर जानेवारी १९३३ मध्ये त्याची छापील घडीपत्रके निघाली आणि ती लोकांनी हातोहात उचलली. आज त्याच नकाशाचे मग, फडकी आणि छत्र्या दुकानात आहेत. आजच्या नकाशावरही मूळ कल्पना बेकची असल्याचा उल्लेख छापलेला असतो.

दोन जुन्या बस आणि एक निर्णय

संग्रहालयात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. जॉर्ज शिलिबियरने १८२९ साली पॅडिंग्टन ते बँक या मार्गावर घोड्यांची बस सुरू केली, तिची प्रतिकृती आहे. १८६३ साली सुरू झालेल्या पहिल्या भुयारी रेल्वेच्या काळातील वाफेचे इंजिन आहे. १८९० सालच्या विजेच्या भुयारी गाडीचा एक डबा आहे, त्याला धड खिडक्याच नाहीत. बोगद्यात पाहायचे काय, असा विचार बनवणाऱ्यांनी केला होता. आपण कोठे आलो हेच दिसत नसल्याने प्रवासी कंटाळले आणि पुढच्या डब्यांना खिडक्या आल्या. ग्राहकाची सोय कागदावर ठरवली की काय होते, याचा हा चांगला नमुना आहे.

माझ्या मनात घर केले ते या संग्रहाच्या उगमाने. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने १९११ साली आपली घोड्यांची बससेवा बंद केली. मोटारबस आल्या होत्या आणि जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक नव्हते. पुढे १९२० च्या दशकात कंपनीने दोन घोडाबस आणि एक सुरुवातीची मोटारबस पुढील पिढ्यांसाठी जपून ठेवायचे ठरवले. त्या दिवशी त्या गाड्यांची किंमत भंगाराच्या लाकूड-लोखंडाएवढीच असणार. जागा अडवणाऱ्या वस्तू म्हणून हिशेबनिसाने त्यांच्यावर बोटही ठेवले असेल. पण आजचा लाखो वस्तूंचा संग्रह त्या तीन गाड्यांपासून सुरू झाला. जे कॉव्हेंट गार्डनच्या इमारतीत मावत नाही ते ॲक्टन येथील मोठ्या कोठारात ठेवलेले आहे आणि वर्षातील ठरावीक दिवशी तेही लोकांना पाहता येते.

दुकानातील माल

दुकानात शिरल्यावर प्रथम नजर जाते ती उशांकडे. त्यांचे अभ्रे बस आणि रेल्वे यांच्या आसनांच्या कापडाचे आहेत. या कापडाला मोकेट म्हणतात. ते मखमलीसारखे उभ्या लवेचे असते, पण मखमलीपेक्षा कितीतरी चिवट. त्यात साधारण ८५ टक्के लोकर आणि १५ टक्के नायलॉन असते. रोज शेकडो माणसे बसणार आणि उठणार, कोणाचे कपडे ओले, कोणाचे मळलेले, तरी आसन स्वच्छ आणि ताजे दिसले पाहिजे, हा या कापडाचा धर्म. म्हणून त्यावर सपाट रंग नसतो. लहान लहान आकृत्या, तीन-चार रंग आणि गडद पार्श्वभूमी अशी रचना असते, की डाग आणि झीज नजरेत भरत नाही. आकृत्या फार भडक झाल्या तर चालत्या गाडीत प्रवाशाचे डोळे गरगरतात, म्हणून तेथेही प्रमाण राखावे लागते.

१९३० च्या दशकात हे नमुने काढण्याचे काम एनिड मार्क्स, मॅरियन डॉर्न अशा नामवंत कलावंतांना दिले गेले. त्या वेळचे प्रसिद्धी अधिकारी ख्रिस्तियन बार्मन यांनी त्यात पुढाकार घेतला. त्यांचेच नाव २०१० सालच्या एका नमुन्याला दिले आहे. त्या नमुन्यात नीट पाहिले तर सेंट पॉलचा घुमट, टॉवर ब्रिज, बिग बेनचा मनोरा आणि लंडन आय हे चक्र दडलेले दिसते. रोज त्यावर बसणाऱ्या अनेकांना ते ठाऊकही नसते.

आमच्या सौभाग्यवतींनी कापड हातात घेऊन विचारले, ‘अहो, हे लोकरीचे आहे ना? घरात चालेल का?’ मी म्हटले, ‘सामायिकाला बसतेस ते कटासणे कशाचे आहे?’ त्या हसल्या. पण प्रश्न रास्त होता आणि आपल्या वाचकांनीही तो विचारावा. पाकिटे, चावीच्या साखळ्या, वह्यांची वेष्टने यांत चामडे असू शकते. लेबल वाचूनच वस्तू घ्यावी.

उशांच्या पलीकडे जुनी भित्तिचित्रे छापून मिळतात. संग्रहालयाकडे अशी पाच हजारांहून अधिक भित्तिचित्रे आहेत. बसच्या कपाळावर गंतव्य स्थानांची नावे दाखवणारी लांबलचक कापडी गुंडाळी असे, ती दांड्याने फिरवून नाव बदलत. त्या धर्तीवर काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांतील गावांची नावे चौकटीत बसवून भिंतीवर लावण्याची तेथे मोठी हौस आहे. आणखी एक वस्तू मला विशेष आवडली. मेट्रोपोलिटन मार्गावर १९६० च्या दशकारंभी आलेल्या गाड्या २०१२ साली सेवेतून निघाल्या. त्यांतील आसनांच्या वर सामान ठेवण्यासाठी असलेल्या जाळीच्या फळ्या संग्रहालयाने विकायला काढल्या. पन्नास वर्षे प्रवाशांच्या छत्र्या आणि पिशव्या सांभाळलेल्या त्या फळ्या आता कोणाच्या दारामागे कोट आणि टोप्या सांभाळत आहेत.

हे विकले का जाते?

आठवणीच्या वस्तू जगभर विकतात. बहुतेक ठिकाणी त्या मुद्दाम आठवण म्हणून बनवलेल्या असतात आणि घरी आणल्यावर वर्षभरात माळ्यावर जातात. येथील वस्तूंचे मूळ निराळे आहे. नकाशा वाट दाखवण्यासाठी, कापड बसण्यासाठी, अक्षरे लांबून वाचता येण्यासाठी आणि फळी सामान ठेवण्यासाठी बनली. आधी त्यांनी आपले काम चोख केले, शोभेचा मान त्यांना नंतर मिळाला.

याचे श्रेय बहुतांशी फ्रँक पिक या एका अधिकाऱ्याकडे जाते. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ १९०६ साली भुयारी रेल्वेच्या कंपनीत आला. १९०८ पासून त्याच्याकडे प्रसिद्धीचे काम होते. त्याने चांगल्या चित्रकारांकडून भित्तिचित्रे काढून घेतली. सर्व पाट्यांची अक्षरे एकसारखी असावीत म्हणून एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडून खास वळण तयार करवले, ते १९१६ साली वापरात आले. लाल वर्तुळ आणि त्यावर आडवी निळी पट्टी हे आज जगभर ओळखले जाणारे चिन्ह १९०८ च्या सुमाराच्या साध्या लाल चकतीतून जॉन्स्टननेच घडवले आणि १९१७ साली त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. १९३३ साली सर्व बस, ट्राम आणि भुयारी गाड्या एका मंडळाखाली आल्या, तेव्हा पिक त्याचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. वस्तू चांगली की वाईट हे ती आपल्या कामाला किती योग्य आहे यावरून ठरते, ही त्याची धारणा होती. त्याला सरदारकी देऊ केली गेली, ती त्याने नाकारली.

माझे आयुष्य ताळेबंद वाचण्यात गेले, म्हणून थोडे त्या भाषेत सांगतो. गाडी विकत घेतली की दरवर्षी तिच्यावर घसारा लावतात. काही वर्षांनी पुस्तकात तिची किंमत नाममात्र एक रुपया उरते आणि मग भंगारवाल्याला बोलावतात. हिशेब म्हणून यात काही चूक नाही. पण त्या गाडीने लोकांच्या मनात जी जागा मिळवलेली असते ती त्या एका रुपयात कोठेच नोंदलेली नसते. व्यापारात आपण तिला पत म्हणतो, नाव म्हणतो. लंडनच्या मंडळींनी ती नोंद वेगळ्या वहीत ठेवली. ते चिन्ह किंवा तो नकाशा आज कोणाला आपल्या मालावर छापायचा असेल तर परवाना घ्यावा लागतो. संग्रहालय ही धर्मादाय संस्था आहे आणि दुकानातील विक्री तिच्या कामास हातभार लावते. जुनी वस्तू अशा रीतीने स्वतःच्या सांभाळाचा खर्च काही अंशी स्वतःच कमावते.

घ्यावे किती?

एवढे वाचून कोणी उशांनी पेटी भरून आणू नये. परिग्रह परिमाण हे आपले पाचवे अणुव्रत परदेशी दुकानातही आपल्याबरोबरच असते. मी स्वतःसाठी एक साधी कसोटी लावली. घरातील झिजलेली वस्तू काढून तिच्या जागी वापरता येईल तेवढेच घ्यायचे. त्या हिशेबाने आम्ही दोन अभ्रे आणि एक फडके आणले. भेट देण्यासही हीच कसोटी चांगली. आपल्याकडे आहेरात दिलेल्या स्टीलच्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरण्याची पद्धत होती. तीस वर्षांनी तो डबा घासताना देणाऱ्या आत्याबाईंची आठवण होते, कारण डबा रोजच्या वापरात असतो. कपाटातील काचेच्या पुतळ्याने असे क्वचितच घडते.

आपल्या वाटेवरचे

आता त्या १९०७ सालाकडे वळू. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. बेस्टची दुमजली बस १९३७ साली आली आणि जुन्या, वातानुकूलन नसलेल्या दुमजली बसची अखेरची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. लंडनची जुनी दुमजली रूटमास्टर बस १९५६ साली सेवेत आली आणि ९ डिसेंबर २००५ रोजी नियमित मार्गावरून निघाली. दोन्हीकडे निरोपाला गर्दी झाली, दोन्हीकडे डोळे पाणावले. लंडनमध्ये मात्र त्या बसच्या आसनाच्या कापडाचा नमुना, तिची पाटी, तिचा आकार आजही लोकांच्या घरी जाऊन पोहोचतो.

बेस्टचे स्वतःचे संग्रहालय आणिक आगारात आहे. ट्राम-बसच्या छोट्या प्रतिकृती, जुनी तिकिटे आणि तिकीटयंत्रे तेथे जपली आहेत. मुंबईत राहणाऱ्या वाचकांनी मुलांना घेऊन एकदा तरी तेथे जावे. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या मार्गावरील किती व्यापाऱ्यांचा माल या लाल गाड्यांच्या टपावरून गेला असेल! वाहकाच्या हातातील चिमट्याची टकटक आणि दरानुसार निरनिराळ्या रंगांच्या तिकिटांचे गठ्ठे ज्यांनी पाहिले, त्यांची पिढी आता आजी-आजोबांची आहे. यातही पुष्कळ चांगल्या, कामाच्या आणि देखण्या वस्तू होत्या. फक्त त्यांना बाजूला ठेवण्याचा निर्णय वेळेवर व्हावा लागतो.

हे सरकारी संस्थांचे काम, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या पेढ्यांकडे पाहा. दुकानाचे नूतनीकरण निघाले की प्रथम काय जाते? रंगवलेली लाकडी पाटी, पितळी वजने, तराजू, मुनीमजींची बैठी डेस्क, लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या. वजने मोडीत किलोच्या भावाने जातात आणि वह्या रद्दीत. मग नव्या दुकानाला ‘जुना लूक’ हवा म्हणून सजावटकार बाजारातून दुसऱ्याच कोणाची तरी जुनी पाटी विकत आणतो. आजोबांची अक्षरे रद्दीत गेलेली असतात आणि परक्यांची भिंतीवर येतात. काही घरांत मी याच्या उलटही पाहिले आहे. एका परिचितांनी तीन पिढ्यांपूर्वीच्या पाटीवरील अक्षरांचे वळण उतरवून घेतले आणि तेच आपल्या कापडी पिशवीवर छापले. गिऱ्हाईक ती पिशवी पुन्हा पुन्हा वापरते, प्लास्टिकही टळते.

वस्तू जपण्याची कला आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. पाटण आणि जेसलमेर येथील ज्ञानभांडारे, आपल्या विदर्भातील कारंजा लाड येथील शास्त्रभांडारे यांनी शेकडो वर्षे हस्तलिखिते सांभाळली. कारंजाच्या भांडारातील पोथ्यांमुळे अपभ्रंश भाषेतील मोलाचे ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आले. पोथ्या वर्षातून एकदा बाहेर काढाव्या, झटकाव्या, नवे वेष्टन घालावे, यासाठी आपल्याकडे दिवसही नेमलेले आहेत. दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी, श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी. कार्तिक शुद्ध पंचमीची ही ज्ञानपंचमी व्यापाऱ्यांची लाभपंचमीही असते. दिवाळीनंतर त्या दिवशी दुकाने पुन्हा उघडतात आणि नव्या वहीत पहिली नोंद होते.

येत्या लाभपंचमीला एवढेच करावे. नवी नोंद लिहिण्यापूर्वी पेढीच्या माळ्यावर एकदा चढावे. सर्व काही ठेवायचे नाही, तेही परिग्रहच. एक पाटी, एक तराजू, एक वही आणि जिच्यावर दुकानाचे नाव आहे अशी एखादी जुनी पिशवी किंवा पावतीपुस्तक निवडावे. त्याबरोबर एका कागदावर वस्तू कोणाची, कोणत्या सालची आणि कशासाठी वापरली जाई हे तीन ओळींत लिहून ठेवावे. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारूनच लिहावे आणि ते याच वर्षी विचारावे.